अंगावर राहिलेले पैसे

रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या कातकरवाड्या दिवाळीनंतर ओस पडू लागतात. धडधाकट माणसे लेकराबाळांसह वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि दारात म्हातारी तेवढी उरतात. हे जाणे ठरते मात्र पावसाळ्यातच. भाताची लावणी आटोपली की हाताला काम नसते, घरात दाणा नसतो आणि त्यातच एखादे आजारपण किंवा लग्न निघते. नेमक्या त्या दिवसांत भट्टीमालकाचा माणूस येतो आणि उचल देऊन जातो. ही येत्या हंगामाच्या मजुरीतली आगाऊ रक्कम. मानवी तस्करी म्हटले की पळवलेली मुलगी आणि रात्रीची गाडी डोळ्यांसमोर येते. या तस्करीत दलाल ओळखीचा असतो, व्यवहार दिवसाढवळ्या होतो आणि माणूस आपल्या पायांनी चालत जातो. म्हणूनच तिला कोणी तस्करी म्हणत नाही.

भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते. हंगामभर हातात पडते ती आठवड्याची खर्ची, म्हणजे तांदूळ, तेल, मीठ यांपुरते पैसे. नवरा-बायको दोघे माती कालवतात, विटा थापतात. मुले सुकत घातलेल्या विटा उलटवतात, पण वहीत नाव एकट्या पुरुषाचे. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या तर तो तोटा बहुतेक वेळा मजुराच्याच माथी येतो. ऊसतोडीतही जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांचे एक अवजार होते, ते असे. हंगाम संपला की हिशोब होतो. वही मालकाची, लिहिणारा मालकाचा आणि मजुराला अनेकदा वाचता येत नाही. उचल ‘फिटली नाही’, इतके पैसे ‘अंगावर राहिले’, एवढेच त्याला सांगितले जाते. मग पुढच्या साली पुन्हा तीच भट्टी. मध्येच कोणी निघून गेला तर मालकाचे लोक वाडीवर शोधत येतात.

ठाणे जिल्ह्याला हे नवे नाही. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन त्याच्याकडे पिढीजात राबणाऱ्या आदिवासीला तिथे ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने झालेल्या वारल्यांच्या उठावाने ही पद्धत मोडली. १९८० च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वसई-भिवंडी भागात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी पुन्हा लढावे लागले. सावकार गेला आणि भट्टीचा शेठ आला, कर्जाची गाठ तीच राहिली.

कायद्यात याला जागा नाही. संविधानाचे २३ वे कलम माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना एकाच वाक्यात मनाई करते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे सारे कर्ज रद्द ठरवले. ते वसूल करणे हाच गुन्हा आहे आणि कर्ज वेठबिगारीचे नव्हते, हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर आहे. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे म्हणजे सक्तीचे श्रम, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले. सध्याच्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमानुसार तस्करीच्या गुन्ह्यात पीडिताची संमती गैरलागू आहे. ‘तो स्वखुशीने आला’ हा मालकाचा आवडता बचाव त्यामुळे कागदावर तरी टिकत नाही.

तरीही २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथली कातकरी मुलगी दगावली, तेव्हा कुठे तिथल्या वाडीतली मुले किरकोळ रक्कम आणि मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती, हे उजेडात आले. तोवर शेजारपाजाऱ्यांच्या लेखी मुले ‘कामाला’ गेलेली होती.

कायद्याचे घोडे अडते ते तालुक्याच्या कचेरीत. वेठबिगार म्हणून सुटकेचा दाखला महसूल प्रशासनाने द्यायचा असतो. तो दिला की आपल्या हद्दीत वेठबिगारी आहे, हे लेखी मान्य करावे लागते. त्यापेक्षा प्रकरण ‘मजुरीचा वाद’ ठरवणे सोयीचे. मजुराला गाडीत बसवून गावी पोचवले की फाईल बंद. दाखला नाही तर पुनर्वसनही नाही. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपयांची तरतूद आहे. त्यातली तातडीची मदत लगेच मिळू शकते, मोठी रक्कम मात्र आरोपीला शिक्षा होण्याशी जोडली आहे. खटला रेंगाळतो तोवर माणूस खाणार काय, याचे उत्तर योजनेत नाही. भट्टीमालकाकडे ते तयार असते.

उचलीचे मूळ पावसाळ्यातल्या उपासमारीत आहे, हे सरकारला फार पूर्वीच उमगले होते. आदिवासींसाठीची खावटी कर्ज योजना त्याच महिन्यांसाठी होती. पुढे ती बंद पडली आणि कोरोनाकाळात कुटुंबामागे ४ हजार रुपयांचे, निम्मे रोख व निम्मे धान्यवस्तूंचे, अनुदान म्हणून परतली. रोजगार हमीची मातीकामे पावसात थांबतात. भट्टीमालकाचा माणूस आषाढ-श्रावणातच वाडीवर येतो.