आडनाव न विचारणारे शहर

पंचेचाळिशी उलटल्यावर आम्ही पहिल्यांदा परदेशी गेलो, तेही एकटे. तीन वर्षे पगारातून थोडे थोडे बाजूला टाकले आणि बँकॉकचे तिकीट काढले. निघताना घरच्यांनी पैसे दोन खिशांत विभागून ठेवायला लावले. आईने चिवड्याचा डबा पिशवीत कोंबला.

तिथल्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. तो 2006 साली सुरू झाला. सम्राट अशोकाच्या काळी सोण आणि उत्तर हे दोन थेर धम्मप्रचारासाठी सुवर्णभूमीला गेले, असे ‘महावंस’ सांगतो. तेच हे नाव. थायी माणसे ते ‘सुवन्नफूम’ असे म्हणतात. पहिल्या दिवशी एकही शब्द कळेना. शहरात जाणाऱ्या रेल्वेत बोटाने नकाशा दाखवत बसलो.

लॉजवर पोहोचलो. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, हात जोडले आणि ‘खुन’ म्हणून पुढे आमचे पहिले नाव घेतले. ‘खुन’ म्हणजे तिथले श्री किंवा श्रीमती. आडनावाकडे तिने पाहिलेही नाही.

आम्ही कारकून माणूस. वीस वर्षे हजेरीपटावर आडनाव आधी लिहीत आलो. ते ऐकून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. एकदा भाड्याची खोली पाहायला गेलो होतो. घरमालकाने आधी आडनाव विचारले आणि मग खोली कालच दिल्याचे सांगितले. थायलंडात मात्र माणसाला पहिल्या नावानेच हाक मारतात. आडनाव सक्तीचे झाले तेच मुळी 1913 च्या कायद्याने. त्याआधी सामान्य माणसाला आडनावच नसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीत अनवाणी भिक्खू भिक्षेला निघालेले दिसले. भाताची गाडी लावणाऱ्या बाईने चपला काढल्या, भाताची पिशवी पात्रात ठेवली आणि गुडघे टेकले. भिक्खूंनी आशीर्वचन म्हटले. दोन मिनिटांत बाई पुन्हा चुलीपाशी! आम्ही हात जोडून उभे होतो. तिने विचारले, ‘इंडिया?’ आम्ही मान हलवली. ती हसून म्हणाली, ‘बुद्धा!’ पुढे काही विचारले नाही.

मग चाओ फ्राया नदीतून लाँचने वाट फो विहाराला गेलो. तिथली पहुडलेली बुद्धमूर्ती 46 मीटर लांब आहे. एका टोकाकडून पाहिले तर दुसरे टोक खांबांआड जाते. पण खरे सांगायचे तर, डोळे भरून आले ते संध्याकाळी, लॉजजवळच्या एका लहानशा विहारात. उच्चार निराळे, चाल निराळी, पण ते त्रिसरण होते! दोन दिवस मुके झालेलो आम्ही, सगळ्यांबरोबर हळू आवाजात म्हणू लागलो. शेजारच्या आजोबांनी चटई थोडी आमच्याकडे सरकवली.

सगळेच पटले असे नाही. घरांपुढे, बँकांपुढेही खांबावर इवलेसे देऊळ असते. जागेच्या आत्म्याचे ते घर. त्याला फुले वाहतात, लाल सरबताची बाटलीही ठेवतात, आत नळी घालून! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आम्हाला ते कसे रुचावे? गरीब-श्रीमंत हा भेदही ढळढळीत आहे. काचेच्या मोठमोठ्या दुकानांपासून बंदराजवळची ख्लोंग तोएई झोपडपट्टी दूर नाही. शहर काही स्वर्ग नव्हे. पण सहा दिवसांत आमची जात कोणी चाचपली नाही. खांद्यावरचे ओझे उतरल्यावरच ते किती जड होते ते कळते.

परतल्यावर लोकलमध्ये शेजारच्या गृहस्थांनी पिशवीवरची विमानाची चिठ्ठी पाहून चौकशी केली. बँकॉक ऐकून खूश झाले. मग म्हणाले, ‘आडनाव काय आपलं?’ आम्ही पहिले नाव सांगितले आणि गप्प राहिलो.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेचा हजेरीपट आता आम्ही पहिल्या नावांनी मांडला आहे. तीन सिद्धार्थ आणि दोन प्रज्ञा निघाल्या. त्यांच्या नावापुढे आईचे नाव लावले. मुलांना ते फार आवडले आहे.