आधी वाचू, मग भांडू

आमच्या अंबरनाथ पश्चिमेला आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एका रविवारी एकत्र बसतो. प्रत्येकाने एखादी कादंबरी वाचून यायचं आणि ती आवडली की नाही ते खरं सांगायचं, एवढाच नियम. जमणाऱ्यांत प्राध्यापक किंवा समीक्षक कोणी नाही. एक निवृत्त शिक्षक, शिंपीकाम करणारे एक चाचा, बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई, कॉलेजात जाणाऱ्या दोन-तीन मुली आणि मी. मी मस्जिद बंदरला एका पेढीवर हिशेब लिहितो. जाऊन-येऊन रोजचे तीन तास लोकलमध्ये जातात. बसायला मिळालं तर बसून वाचतो, नाही तर उभ्याने.

मागे एकदा मी पुढच्या बैठकीसाठी हमीद दलवाईंची ‘इंधन’ सुचवली. चाचा लगेच म्हणाले, “त्या माणसाचं पुस्तक नको.”

“चाचा, तुम्ही वाचलंय का?”

“वाचायची काय गरज? तो काय म्हणायचा ते सगळ्यांना माहीत आहे.”

मी मदतीसाठी सरांकडे पाहिलं, तर ते छताकडे बघत होते. आदल्याच बैठकीत सरांनी ‘कोसला’ला मराठीतली थोर कादंबरी म्हटलं होतं. त्यावर एका मुलीने मनीबद्दल काहीतरी विचारलं, तेव्हा ‘कोण मनी?’ असा त्यांचा चेहरा झाला होता.

त्या रात्री घरी येताना वाटलं, या दोघांत फरक तो काय? एकाने न वाचता पुस्तक दूर लोटलं, दुसऱ्याने न वाचता डोक्यावर घेतलं. पुस्तक दोघांनीही उघडलं नाही. मग मी ठरवलं की आधी आपली मतं खरी सांगावीत. चुकली तरी ती वाचून झालेली मतं आहेत.

‘कोसला’पासूनच सुरुवात करतो. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. मी ती दोनदा अर्धवट सोडली. पांडुरंग सांगवीकरचं कॉलेज आणि होस्टेल मला लांबलचक वाटलं, त्याच्या कंटाळ्याचा मलाच कंटाळा आला. तिसऱ्यांदा नेटाने पुढे गेलो आणि त्याच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू आला. डोंबिवली कधी गेलं ते कळलं नाही. तेवढ्या पानांसाठी सगळी कादंबरी वाचावी, असं आता मी सांगतो. पण सुरुवातीला कंटाळा येतो, हेही सांगतो. ते लपवलं तर नवीन वाचणाऱ्याला वाटतं की आपल्यातच काही कमी आहे.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली आणि आजही फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात वरच दिसते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात, ही कल्पना मला फार आवडली. भाषा मात्र इतकी नटलेली आहे की मधूनमधून दम लागतो. सगळ्यांत खरा मला शोण वाटला. मोठ्या भावाच्या मागे आयुष्यभर चालणारे धाकटे भाऊ प्रत्येक घरात असतात.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) आमच्या घरात अम्मीनेही वाचली. माधवराव आणि रमाबाई यांच्यातला संकोच आणि माया देसाईंनी फार नाजूकपणे लिहिली आहे. अम्मी मात्र शेवटावर नाराज होती. रमाबाईंचं सती जाणं इतकं सुंदर का लिहावं, असं ती म्हणाली. त्या काळी तसं घडलं हे खरं, पण जळणाऱ्या बाईकडे बघून आपले डोळे भक्तीने भरून यावेत, हे तिला पटलं नाही. वीस वर्षांनी मी पुन्हा वाचली, तेव्हा मलाही ते खटकलं.

‘पानिपत’चं माझं मत सांगायला मला थोडं धैर्य लागतं. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ची. मी कॉलेजात असताना ती सगळ्यांच्या हातात होती. सैन्याची उपासमार आणि लढाईचा तो एक दिवस वाचताना हातातलं पुस्तक खाली ठेववत नाही. मी पानापानावर इब्राहिमखान गारद्याला शोधत होतो. भाऊंचा तोफखाना सांभाळणारा, शेवटपर्यंत बाजू न सोडणारा आणि पकडला गेल्यावर मारला गेलेला. वर्गात विषय निघाला की मी पहिल्यांदा त्याचंच नाव घ्यायचो. आता वाटतं, मी ते नाव ओळखपत्रासारखं दाखवत होतो. लेखकाचा त्यात दोष नाही. पण इतिहासाच्या कादंबऱ्यांत आपण एक तर शत्रू असतो, नाही तर इमानदार तोफखाना. त्यात बाजारातून भाजी आणणारा, बायकोशी भांडणारा, साधा मुसलमान सापडत नाही.

तो मला ‘इंधन’मध्ये सापडला. १९६५ची ही कादंबरी कोकणातल्या एका गावाची आहे. बऱ्याच वर्षांनी, आजारी होऊन गावी परतलेला माणूस ती सांगतो. आमचं मूळ गाव खेड तालुक्यातलं, त्यामुळे ती घरं, ते जमिनीचे वाद, ते कुजबुजणं मला ओळखीचं होतं. गावातलं वातावरण हळूहळू कसं तापत जातं, हे वाचताना भीती वाटते. तरीही पुस्तक मला पूर्ण आवडलं नाही. सगळाच अंधार आहे. बायकांवर खूप काही गुदरतं, पण त्यांना स्वतःचं बोलायला फारशी जागा मिळत नाही. एक तरी माणूस मनापासून हसायला हवा होता.

गंभीर पुस्तकांबद्दल एवढं बोललो, तर ज्यांनी वाचनाची चटक लावली त्यांना विसरून चालणार नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळापहाड यांच्यासाठी मी शाळेची पुस्तकं बाजूला ठेवली आणि मारही खाल्ला. आज वाचल्या तर कथानकातली ठिगळं दिसतात. नारायण धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या कादंबरीवरून घेतलेली आहे, म्हणून काही जण नाक मुरडतात. मी ती रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्ये, रिकाम्या डब्यात वाचली. उसनी भीतीसुद्धा तितकीच थंडगार असते. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ विसाव्या वर्षी मला पाठ होती. आता ती पोरं स्वतःवर फार खूश वाटतात. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) मात्र दर वाचनात वाढत जाते. आणीबाणीच्या दिवसांतला नववीचा वर्ग, एक मुलगी आणि तिला काहीही धड न सांगता येणं. कोणाला मराठी कादंबरी वाचायची सुरुवात करायची असेल, तर मी हीच देतो.

अब्बा विम्को नाक्याजवळच्या काडेपेटीच्या कारखान्यात होते. ते उर्दूतून इब्ने सफी वाचायचे. त्यांच्या शिफ्टमधले एक मिश्राजी हिंदीतून जासूसी कादंबऱ्या वाचायचे. अब्बा कर्नल फरीदीची तारीफ करायचे, मिश्राजी कर्नल विनोदची. कोण जास्त हुशार यावर डबा खाताना वाद चालायचा. एके दिवशी दोघांनी एकच गोष्ट सांगितली, तेव्हा उलगडा झाला. हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद केला होता, त्याचा साथीदार हमीद मात्र हमीदच राहिला होता. दोघेही वर्षानुवर्षं एकाच माणसाची बाजू घेऊन भांडत होते. पण त्यांनी पुस्तक वाचलं होतं, म्हणून तर भांडण मिटलं.

दोन पुस्तकांवर माझ्याकडे मत नाही. १९८८ साली ‘सेटॅनिक व्हर्सेस’च्या आयातीवर भारतात बंदी आली. मी तेव्हा लहान होतो. त्या पुस्तकावर मत नसलेला एकही मोठा माणूस मला भेटला नाही आणि ते वाचलेलाही भेटला नाही. दुसरं, आनंद यादवांची ‘संतसूर्य तुकाराम’. त्यांच्या ‘झोंबी’ने मला रडवलं होतं, म्हणून हीही वाचायची होती. पण वारकऱ्यांच्या विरोधानंतर ती मागे घेण्यात आली आणि २००९च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही यादवांना सोडावं लागलं. कदाचित मलाही ती आवडली नसती. कदाचित वारकऱ्यांचं दुखणं मला पटलं असतं. पण ते ठरवायला हातात पुस्तक हवं होतं. आपल्या मोहल्ल्यात असो की दिंडीत, दुखावलेल्या माणसाला ‘मला हे आवडलं नाही, आणि का ते ऐका’ असं म्हणायचा पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याने ते वाचूच नये, हा हक्क मात्र कोणाला नाही.

‘इंधन’ची प्रत मी चाचांच्या दुकानात ठेवून आलो. आग्रह केला नाही. दोन महिन्यांनी ते बैठकीला आले, तेव्हा पुस्तकात कापडाच्या चिंध्यांच्या नऊ खुणा होत्या. म्हणाले, “मला आवडलं नाही.” मग एकेक खूण काढून पाऊण तास बोलले. इथे लेखक उगाच कडवट झालाय, इथे घरच्यांवर अन्याय केलाय. पण दोन खुणांपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, “हे मात्र बरोबर लिहिलंय. गावात असंच होतं.” एका मुलीने त्यांच्याशी सहा खुणांवर वाद घातला. चहा गार झाला.

आम्ही सुरू केल्यापासूनची ती सगळ्यांत चांगली बैठक होती. जाताना चाचांनी पुढच्या वेळी काय वाचायचं ते विचारलं. सरांनी ‘कोसला’ घरी नेली आहे. ते मनीपर्यंत पोहोचले की मला फोन करणार आहेत.