छत्रीखालची नोकरी आणि खर्चाचा हिशेब

रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी मुस्लिम कुटुंबे आज ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. तिथली आपली मुले-मुली संगणक, बांधकाम, शाळा, इस्पितळे अशा ठिकाणी अनेकदा कंत्राटावर काम करतात. काम एजन्सी मिळवून देते, पण पगार मात्र ‘अंब्रेला कंपनी’ नावाची तिसरीच कंपनी देते. ही कंपनी सांगते की, रोजच्या जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च दाखवा, कर वाचेल. हे खरे का, असे घरची मंडळी विचारतात. या महिन्यात आपण त्याचाच विचार करू.

अंब्रेला म्हणजे छत्री. वेगवेगळ्या ठिकाणी काम करणाऱ्या माणसाला ही कंपनी आपला नोकर म्हणून ठेवते. एजन्सी कामाचे पैसे कंपनीला देते. कंपनी त्यातून आपले शुल्क काढते, मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्सही त्यातूनच काढते, आणि उरलेल्या पगारातून नोकराचा आयकर व त्याचा स्वतःचा इन्शुरन्स कापते. एप्रिल 2025 पासून मालकाच्या वाट्याचा दर 13.8 टक्क्यांवरून 15 टक्के झाला आणि तो वर्षाला 5,000 पौंडांच्या वरच्या पगारावर लागू झाला. म्हणून एजन्सीने सांगितलेला दिवसाचा दर म्हणजे पगार नव्हे. मुलगा पहिल्या महिन्यात गोंधळतो तो इथेच.

आता खर्चाची गोष्ट. नोकरीच्या कायम ठिकाणी जाण्यायेण्याच्या खर्चावर ब्रिटनमध्ये करसवलत नाही. तात्पुरत्या ठिकाणी जावे लागले तर आहे. अंब्रेला कंपनीची नोकरी एकच आणि कामाची ठिकाणे अनेक, त्यामुळे प्रत्येक ठिकाण तात्पुरते धरले जाई. समजा, रेल्वे आणि जेवण मिळून महिन्याला 400 पौंड खर्च झाला. तेवढ्या रकमेवरचा 20 टक्के आयकर आणि तेव्हाचा 12 टक्के इन्शुरन्स वाचे, म्हणजे 128 पौंड. घर चालवणाऱ्याला ही रक्कम लहान नाही.

6 एप्रिल 2016 पासून हा नियम बदलला. मध्यस्थ कंपनीमार्फत काम करणाऱ्याचे प्रत्येक काम आता स्वतंत्र नोकरी धरले जाते. साहजिकच कामाची जागा कायम ठिकाण ठरते आणि घरापासून तिथवरच्या प्रवासावरची सवलत जाते. काम कसे करायचे यावर कोणाची देखरेख, निर्देश किंवा नियंत्रण असेल, किंवा तसा नुसता अधिकार जरी असेल, तरी हा नियम लागतो. तिघांपैकी एक असले तरी पुरे. बहुतेक कामांत ते असतेच. सरकारचे म्हणणे असे की, शेजारच्या टेबलावरच्या कायम नोकराला जी सवलत नाही ती कंत्राटी माणसाला का द्यावी? कायम नोकराइतकी शाश्वती कंत्राटी माणसाला नसते, हे गाऱ्हाणेही खोटे नाही. पण कायदा आज असा आहे.

मग काहीच उरले नाही का? उरले आहे. एकाच कामासाठी दिवसात एका जागेहून दुसऱ्या जागी जावे लागले, तर त्या प्रवासाचा खर्च दाखवता येतो. स्वतःची मोटार वापरली तर वर्षाच्या पहिल्या 10,000 मैलांना मैलामागे 45 पेन्स, पुढे 25 पेन्स या दराने हिशेब होतो. हक्काची सवलत आहे, ती अवश्य घ्यावी. पावत्या जपून ठेवाव्यात.

धोका आहे तो पुढे. सवलत गेल्यावरही “आमच्याकडे हातात जास्त पैसे पडतील” असे सांगणारे संपले नाहीत. काही जण न झालेला खर्च दाखवायला सांगतात. काही जण पगाराचा मोठा भाग ‘कर्ज’ म्हणून देतात आणि ते फेडायचे नाही असे कानात सांगतात. अशा कर्जांतली 5 एप्रिल 2019 रोजी बाकी असलेली रक्कम उत्पन्न धरून त्यावर कर लावण्याचा कायदा झाला. योजना विकणारे बाजूला झाले आणि मागणीची पत्रे कित्येक सामान्य कामगारांच्या दारात आली.

आपल्या दृष्टीने प्रश्न केवळ दंडाचा नाही. जे फेडायचेच नाही त्याला कर्ज म्हणणे आणि जो प्रवास केलाच नाही त्याचे भाडे लिहिणे, ही खोटी साक्ष आहे. त्या पैशातून घरी आलेली रोजी हलाल कशी म्हणावी? कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची 282 वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. व्यवहाराचा कागद नीट असणे हाही दीनचाच भाग आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. एप्रिल 2020 पासून एजन्सीने नव्या कामगाराला ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ द्यावे लागते. कोणती कपात होईल आणि अंदाजे हातात किती पडेल हे त्यात असते. ते मागून घ्यावे. दुसरे, पे-स्लिपवर लिहिलेली रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम दर महिन्याला ताडून पाहावी. बँकेत जास्त आले, तर खुश होण्याआधी कारण विचारावे. तिसरे, तिथले कर खाते, म्हणजे एचएमआरसी, करचुकवेगिरीच्या योजनांची नावे 2022 पासून जाहीर करते. त्या यादीत कंपनीचे नाव नाही ना, ते पाहावे. यादीत नाव नसले म्हणजे कंपनी चोख, असे मात्र समजू नये.

इकडे गावी असणाऱ्या आई-वडिलांनाही आमचे एक सांगणे आहे. मुलाने पाठवलेली रक्कम एखाद्या महिन्यात कमी झाली तर लगेच शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. तो प्रामाणिक हिशेबाने चालला आहे, एवढे कळले तरी पुरे. थोड्या कमाईतही बरकत देणारा अल्लाह आहे.