अंगात ताप, तरी वर्गात तास

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ओळखीचा एक तरुण प्राध्यापक सकाळी बस थांब्यावर भेटला. डोळे लाल, आवाज बसलेला, तोंडाला रुमाल. आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात तो तासिका तत्त्वावर शिकवतो. मी म्हटलं, "अरे भाई, एवढा ताप आहे, घरी का नाही झोपत?" तो म्हणाला, "झोपलो तर तीन तासिकांचे पैसे गेले नं सर."

या उत्तरावर मला काही बोलता आलं नाही. आठवडा संपेपर्यंत त्याच्या स्टाफरूममधले आणखी काही जण खोकत होते.

चूक कुणाची? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कायम प्राध्यापकाला वर्षाला ८ किरकोळ रजा आणि २० दिवसांची अर्धपगारी रजा आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र दिलं की अर्धपगारी रजा पूर्ण पगारी करून घेता येते. फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. तासिकावाल्याला मात्र घेतलेल्या तासाचंच मानधन. आजारी पडला की त्या दिवसाची कमाई शून्य. दोघं एकाच टेबलावर डबा खातात, एकाच यंत्रावर अंगठा लावतात. फ्लूचा विषाणू काही नेमणूकपत्र बघून अंगात शिरत नाही.

कामाच्या जागेवरून साथ पसरते हे आपण शंभर वर्षांपूर्वी पाहिलं आहे. १९१८ च्या १० जूनला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर नेमलेला होता. पुढच्या काही दिवसांत गोदीतले कामगार, जहाज कंपनी, बँक, टांकसाळ, तारखातं आणि गिरण्यांतली माणसं पटापट आजारी पडली. मग रेल्वेने ताप देशभर गेला. सर्वात जास्त होरपळलेल्या भागांत मध्य प्रांत होता, आणि आपला गोंदिया तेव्हा त्याच प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता.

आज आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त माहिती आहे. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून ते नंतरच्या पाच-सात दिवसांपर्यंत दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणून औषधाशिवाय ताप उतरून पूर्ण एक दिवस होईपर्यंत घरी थांबावं, असं डॉक्टर सांगतात. तरण्याताठ्या माणसाचा फ्लू आठवड्यात जातो, पण समोरच्या बाकावर कोण बसलंय? आपल्या जिल्ह्यात सिकलसेलची मुलं-मुली बरीच आहेत. त्यांच्या छातीत संसर्ग उतरला तर जिवावर बेतू शकतं. सहकाऱ्यांत कुणी गरोदर असते, कुणाला मधुमेह असतो, कुणाच्या घरी म्हातारी अम्मी असते.

आपल्या दीनने आजाऱ्याला केवढी मोकळीक दिली आहे बघा. रमजानचा रोजा तो नंतर ठेवू शकतो. जुम्याला मशिदीत येण्याची त्याच्यावर सक्ती नाही. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथे असलेल्याने बाहेर पडू नये, ही ताकीद हदीसमध्ये आहे. फर्ज इबादतीत आजाऱ्याला सवलत आहे, आणि आपल्या हजेरीपुस्तकात नाही!

इथे मला माझीही कबुली दिली पाहिजे. मी कायम शिक्षक आहे, रजा शिल्लक आहे, तरी गोळी खाऊन तापात वर्ग घेतले आहेत. कारण किरकोळ रजा लग्न-मय्यतीसाठी राखून ठेवायची सवय, आणि 'सर एकही सुटी घेत नाहीत' हे ऐकायची हौस. त्या हौसेची किंमत कुणाच्या लेकराने मोजली असेल, मला ठाऊक नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तासिका शिक्षकाला वर्षात निदान सहा दिवसांची पगारी आजारी रजा द्या. तेही जमत नसेल, तर बुडालेली तासिका नंतर घेऊन तिचे पैसे द्या. दोन-तीन दिवसांच्या तापाला स्वतःचा लेखी अर्ज पुरेसा माना. देवरी-सालेकसाकडच्या खेड्यातला माणूस तापात प्रमाणपत्रासाठी कुठे रांग लावणार? शंभर टक्के हजेरीचे सत्कार बंद करा. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवा, नळाजवळ साबण ठेवा, खोकणाऱ्याने मास्क लावला तर त्याला हसू नका. ज्यांना धोका जास्त, त्यांनी डॉक्टरांना विचारून दरवर्षी फ्लूची लस घ्यावी.

साबण आणि मास्क उद्या सकाळी आणता येतील. पण ज्याच्या घरची चूल तासिकेवर पेटते, त्याला 'आजारी असाल तर घरी राहा' असा नुसता फलक दाखवणं ही थट्टा आहे. त्याला घरी ठेवायचं असेल, तर त्या दिवसाचे पैसे आधी द्या.