गुण रोपाला देऊ नका, वाट पाहण्याला द्या



आज माझीच एक चूक सांगते. मी निगडीत चौथीला शिकवते. गेल्या वर्षी परिसर अभ्यासात 'बीपासून रोप' हा प्रकल्प दिला. ग्लासात टूथपिकांवर टेकवलेली अ‍ॅवोकाडोची बी मोबाईलवर पाहिली होती. मूळ कसं फुटतं ते डोळ्यांना दिसतं, म्हणून मला फार आवडली. मुलांना म्हटलं, अ‍ॅवोकाडो घ्या नाहीतर दुसरी कुठलीही बी, पण तीन आठवड्यांनी रोप घेऊन या.

एकविसाव्या दिवशी एका मुलाने कुंडीत हातभर उंच रोप आणलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या, मी पूर्ण गुण दिले. एक मुलगी ग्लास घेऊन आली. तिची अ‍ॅवोकाडोची बी नुसती मधोमध तडकली होती. मी नोंद केली, 'बी उगवली नाही.' ती हळूच म्हणाली, "बाई, ती फुटतेय अजून." मी ऐकलं आणि पुढच्या मुलाकडे वळले.

पुढे पालकसभेत त्या मुलाची आई हसत म्हणाली, "कुठलं उगवतंय हो बाई! याचे पप्पा चाकणला सेकंड शिफ्टला. शेवटी नर्सरीतूनच आणलं." त्यांना दोष कसा देऊ? रोप आणा, असं मीच सांगितलं होतं.

मग मी घरी स्वतः बी लावून पाहिली. चौतिसाव्या दिवशी मूळ दिसलं, कोंब त्याच्याही नंतर. म्हणजे ती मुलगी बरोबर होती. पण तोवर तिचं कुटुंब दाखला घेऊन गावी परतलं होतं. तिच्या वहीत माझा चुकीचा शेरा तसाच राहिला.

करणार असाल तर नीट करा. बी धुवून घ्या. रुंद बाजू खाली, निमुळती वर. तीन-चार टूथपिक टोचून ती ग्लासवर अशी टेकवा की खालचा भाग पाण्यात राहील. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर बी कुजते आणि डासांच्या अळ्या होतात. उजेड हवा, कडक ऊन नको. साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, कधी आठसुद्धा. आधी बी तडकते, मग मूळ, मग कोंब. कोंब वीतभर झाला की तळाला भोक असलेल्या कुंडीत लावा.

यात एक सुंदर पाठ दडलेला आहे. हरभरा डब्यात वर्षभर राहिला तरी उगवतो. अ‍ॅवोकाडो, आंबा, फणस यांच्या बिया मात्र वाळल्या की मरतात. म्हणून त्या ताज्याच लावाव्या लागतात. आणि यासाठी महागडं फळ कशाला हवं? जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा घरोघरी आंब्याच्या कोयी नि फणसाच्या आठळ्या असतात. ओटा स्कीममधल्या मुलालाही त्या फुकट मिळतात. मूळ तेवढंच छान दिसतं.

मुलांना फळाचं आमिष दाखवू नका. बीपासूनच्या अ‍ॅवोकाडोला फळ धरायला पाच-दहा वर्षं किंवा जास्तही लागतात, बाल्कनीतल्या कुंडीत बहुधा येतच नाही. आलं तरी आईसारखंच येईल असं नाही. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही म्हणून तर कोकणात कलमं बांधतात.

पण वाट पाहण्याची एक गोष्ट जरूर सांगा. आज जगभर खपणारा 'हास' अ‍ॅवोकाडो कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास या पोस्टमनच्या बागेतला. बीपासून वाढलेल्या एका रोपावर त्यांनी कलम बांधलं, ते धरलं नाही. रोप तोडून टाकायचा विचार होता, पण ते राहू दिलं. त्यालाच वेगळं, चांगलं फळ आलं आणि १९३५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. एकविसाव्या दिवशी गुण देणारी बाई तिथे असती तर?

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा? मान्य. पण दर सोमवारी पाच मिनिटं पुरतात. मुदत आठ आठवडे द्या. आकारिक मूल्यमापनात गुण नोंदवहीला द्या : तारीख, चित्र, काय बदललं. बी कुजली तर का कुजली असेल, हेही मुलाने लिहू दे. तीसुद्धा विज्ञानाचीच नोंद आहे. आणि पालकहो, नर्सरीत जाऊ नका. तडकलेली बीच शाळेत पाठवा.

यंदा माझ्या वर्गात 'उगवली नाही' हा शेरा बंद. त्याऐवजी लिहिते, 'अजून उगवली नाही.' एका शब्दाचा फरक आहे, पण तो शिकायला मला एक मुलगी गमवावी लागली.