ही तक्रार आधी रक्तवाहिनीची
साप्ताहिक स्तंभ : प्रकृतिभान

पन्नाशीतला पुरुष दवाखान्यात येतो. गुडघा दाखवतो, ॲसिडिटी सांगतो, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो. दाराशी गेल्यावर मागे वळतो आणि आवाज उतरवून म्हणतो, ‘डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं.’ खरं दुखणं ते असतं: लिंगाला ताठरता न येणं. तोवर अनेकांनी चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोळी आणून घेतलेली असते, नाहीतर भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातीचा नंबर फिरवलेला असतो.

शरीरात काय घडतं ते कळलं, तर निम्मा संकोच गळून पडेल. उत्तेजना आली की शिश्नातल्या मज्जातंतूंची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. तो काही सेकंदच टिकतो. पण तेवढ्यात सीजीएमपी हे रसायन वाढतं, वाहिन्यांचे स्नायू सैलावतात, रक्त भरतं आणि ताठरता येते. पुढे पीडीई-५ हे विकर सीजीएमपी मोडून टाकतं. सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्राची, गोळी या विकराला अडवते, एवढंच. ती इच्छा जागवत नाही, आणि नायट्रिक ऑक्साइडच पुरेसा सुटत नसेल तर तिचाही फारसा उपयोग होत नाही. या वायूचं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळालं; त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली.

तरुणांत मनाचा ताण हे मोठं कारण असतं. चाळिशीनंतर मात्र मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू रक्तवाहिन्यांचं ते अस्तर खराब करतात, मग वायू कमी पडतो. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक, म्हणून बिघाड आधी तिथे दिसतो. अनेकांत हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी. अशा माणसाला गोळीआधी साखर, रक्तदाब आणि हृदयाची तपासणी हवी. परस्पर गोळी घेणारा ही पूर्वसूचनाच दाबून टाकतो.

धोका इथेच संपत नाही. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट शरीरात हाच नायट्रिक ऑक्साइड देते. सॉर्बिट्रेट आणि सिल्डेनाफिल एकत्र आली तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जातो. रात्री छातीत कळ आली आणि घाबरलेल्या बायकोने सॉर्बिट्रेट पुढे केली, तर संध्याकाळी काय घेतलं हे तिला माहीत असायलाच हवं. घाटी रुग्णालयात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनाही ते आधी सांगा. लपवलेली गोळी अशा वेळी घात करते.

या विषयावर उघड बोलणं कधी सोपं नव्हतं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. तेच बाबासाहेब पुढे १९५० साली आपल्या छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) मिलिंद महाविद्यालय उभारतात. कर्व्यांचा खटला ते हरले, पण प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांनी भर न्यायालयात मांडला होता. त्यांच्या महाविद्यालयाच्या या शहरात आज पुरुषांनी स्वतःच्या आजाराबद्दल कुजबुजावं, हे मला पटत नाही.

म्हणून मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टरांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा. औषध दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय गोळी देऊ नये. आणि तुम्ही पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात, की गुडघ्याआधी हेच सांगा.