संगणक-परिचय : प्रणाली बसली, पण चालेना

उज्जैनच्या फ्रीगंजातून एका वाचकांचे पत्र आले आहे. तेथील एका मराठी ग्रंथसंग्रहाची सूची त्यांनी व सहकाऱ्यांनी कित्येक महिने खपून संगणकावर चढविली. जुना संगणक थकल्यामुळे नवा घेतला, त्यावर डेबियन लिनक्स व सूची सांभाळणारी 'मारियाडीबी' ही प्रणाली बसविली आणि जुन्या यंत्रातील सूचीचे फोल्डर उचलून नव्यात ठेवले. तेव्हापासून प्रणाली सुरू होत नाही. सर्व पुसून पुन्हा बसवावे, असा सल्ला त्यांना मिळाला आहे. तसे करावे काय, असे ते विचारतात.

मुळीच करू नये. समूळ काढताना ही प्रणाली 'साठाही पुसू काय?' असे विचारते. घाईने 'होय' म्हटले की ते फोल्डर गेलेच. आधी त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि जुना संगणक भंगारात देऊ नये.

उज्जैनकरांना वेगळे सांगावयास नको. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली जीर्णोद्धार केलेल्या व गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा ज्योतिर्विद अधीक्षक म्हणून लाभलेल्या वेधशाळेत सम्राट यंत्राची छाया पाहून प्रवासी मनगटावरील घड्याळाकडे बघतात आणि यंत्रास चुकीचे ठरवितात. वस्तुतः प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. उज्जैनची स्थानिक वेळ तिच्यामागे सुमारे २७ मिनिटे. शिवाय ऋतुमानाचा काही मिनिटांचा फरक निराळाच. यंत्र काय सांगते, ते वाचावे लागते.

लिनक्सही सांगते. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' ही आज्ञा अडचण थोडक्यात दाखविते, 'जर्नलसीटीएल' विस्ताराने. तेथे शेवटच्या ओळीपेक्षा पहिली तक्रार महत्त्वाची. पत्रासोबतच्या उताऱ्यात ती स्पष्ट आहे : त्रुटी क्रमांक १३, म्हणजे परवानगी नाही.

मारियाडीबी (जनक मायकेल विडेनियस यांनी हे नाव धाकट्या कन्येवरून ठेवले) सर्वाधिकारी 'रूट'च्या नावे चालत नाही. सुरक्षिततेसाठी 'मायएसक्यूएल' या मर्यादित अधिकाराच्या वापरकर्त्याच्या नावे चालते. फोल्डर मात्र रूटने आणून ठेवले, म्हणून फाइलींची मालकी रूटकडे गेली. ग्रंथपाल हजर, पण कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात, असा हा प्रकार! 'चाउन' या आज्ञेने संपूर्ण फोल्डरची मालकी 'मायएसक्यूएल'कडे द्यावी व सेवा पुन्हा सुरू करावी. सर्वांना सर्व अधिकार देणारा ७७७ चा उपाय अनेकजण सुचवितात. तो आम्हांस पसंत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर डिस्क भरली आहे काय, ३३०६ क्रमांकाचे द्वार दुसऱ्या प्रणालीने अडविले आहे काय, हे पाहावे. जुनी प्रणाली चालू असतानाच फोल्डर उचलले असेल, तर फाइली अर्धवटही उतरल्या असतील. अशा वेळी जुन्या यंत्रावर 'डंप'च्या आज्ञेने सूची मजकूररूपात काढून नव्यात भरणे उत्तम. खरे तर आरंभीच तसे करणे सोयीचे असते. नव्या नोंदींचा उतारा अवश्य पाठवावा, मात्र त्यातील पासवर्ड आधी खोडावा.